हेरेनग्राख्तवर घर विकणे आहे

ॲमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त या कालव्याकाठचं एखादं जुनं घर विक्रीला निघालं, की जाहिरातीत रंगवलेली छतं, संगमरवरी प्रवेशमार्ग आणि मागची बाग यांची छायाचित्रं असतात. किंमत काही दशलक्ष युरो. आणि एक गोष्ट आवर्जून सांगितलेली असते : जमीन मालकीची आहे. ते उगाच नसतं. १८९६ पासून या शहराच्या पालिकेनं जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्यानं द्यायला सुरुवात केली, त्यामुळे घर तुमचं पण त्याखालची जमीन पालिकेची, असा प्रकार तिथे सर्रास आढळतो. जुन्या कालव्यांकाठचे भूखंड मात्र त्याच्या कितीतरी आधी विकून झाले होते.

गंमत अशी, की जिच्या मालकीचं एवढं कौतुक, त्या जमिनीत घर पेलण्याची ताकदच नाही.

ॲमस्टरडॅमच्या पोटात दलदलीचा काळा गाळ आणि चिकणमाती आहे. घट्ट वाळूचा थर लागायला साधारण १२ मीटर खाली जावं लागतं. म्हणून नॉर्वेतून आणि बाल्टिक किनाऱ्यावरून जहाजं भरून सूचिपर्णी झाडांची सरळसोट खोडं आणली गेली आणि बारीक टोक खाली करून जमिनीत ठोकली गेली. वाफेची यंत्रं येण्याआधी हे काम माणसांच्या टोळ्या करत. सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा, जड ठोकळा वर न्यायचा, सोडायचा. ताल चुकू नये म्हणून गाणी म्हणायची. मग त्या खांबांच्या डोक्यांवर फळ्या आणि फळ्यांवर विटांची भिंत. डाम चौकातला राजवाडा (मुळात तो नगरभवन म्हणून बांधला गेला) अशा १३,६५९ खांबांवर उभा आहे. हा आकडा लक्षात ठेवायची तिथली युक्ती मला फार आवडते : वर्षाचे दिवस ३६५, पुढे एक, मागे नऊ.

चारशे वर्षं पाण्यात उभं असलेलं लाकूड कुजत कसं नाही? पाण्यात आहे म्हणूनच. लाकूड खाणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो आणि भूजलात बुडालेल्या खांबापाशी तो पोचत नाही. पण पाणी हातभर खाली गेलं, खांबाचं डोकं उघडं पडलं, की कूज सुरू होते. कोरडा उन्हाळा लांबला किंवा जुन्या सांडपाण्याच्या गळक्या नळानं आजूबाजूचं भूजल ओढून घेतलं, तर तेवढंही पुरतं. आपल्याकडे घराचा शत्रू म्हणजे ओल. तिथे पाणी आटणं ही घरावरची आपत्ती असते. कालव्यांची पातळी समुद्रसपाटीच्या मानानं सुमारे ४० सेंटिमीटर खाली, अशी बांधून ठेवलेली आहे आणि ती जागच्या जागी राहावी म्हणून शहर अखंड राबत असतं.

हेरेनग्राख्त खोदायला १६१३ मध्ये सुरुवात झाली. ठरावीक भूखंडाची रुंदी जेमतेम साडेआठ मीटर, खोली मात्र भरपूर. त्यामुळे घरं पुण्याच्या पेठेतल्या वाड्यासारखी आत आत जात राहतात : दर्शनी घर, मध्ये उजेडासाठी छोटा चौक, त्यामागे मागचं घर, मग बाग. रस्त्यावरून बघणाऱ्याला मागच्या घराचा पत्ता लागत नाही. पलीकडच्या प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरच्या २६३ क्रमांकाच्या घरात ॲन फ्रँकसह आठ जण १९४४ च्या ऑगस्टपर्यंत लपून राहू शकले, ते याच रचनेमुळे.

रुंदी कमी म्हणून जिने अरुंद आणि जवळजवळ शिडीसारखे उभे. त्यावरून कपाट चढवणं अशक्य. म्हणून दर्शनी भिंतीच्या शेंड्यातून एक तुळई बाहेर काढलेली असते, तिला आकडा. आकड्यात कप्पी अडकवायची, दोर टाकायचा आणि सामान खिडकीतून आत घ्यायचं. पुष्कळ घरं रस्त्याकडे किंचित झुकलेली दिसतात; ती सगळीच काही खचलेली नाहीत. वर चढणारं सामान भिंतीला घासू नये म्हणून ती मुद्दाम तशी बांधली आहेत. डाव्या-उजव्या बाजूला कलली असतील तर मात्र तो खांबांचा प्रताप.

दोरानं वर चढत ते फक्त कपाट-पलंग नव्हते. व्यापाऱ्यांच्या घरांचे माळे म्हणजे गोदामंच होती. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मसाल्याचा पैसा या कालव्यांवर मुरला आणि त्याच कंपनीच्या वखारीचे अवशेष आपल्या वेंगुर्ल्यात आहेत. पैशाची दुसरी वाट याहून काळी होती. हेरेनग्राख्त ५०२ हे आज महापौरांचं अधिकृत निवासस्थान. ते १६७२ मध्ये बांधून घेणारा पाउलुस गोडिन गुलामांच्या व्यापारातल्या कंपनीच्या संचालकांपैकी होता. २०२१ मध्ये महापौर फेमके हालसेमा यांनी गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल शहराच्या वतीनं माफी मागितली. जाहिरातीत ‘सुवर्णयुगातली वास्तू’ असं वाचताना हे ठाऊक असलेलं बरं.

आता भावाची गोष्ट, जी मला खांबांइतकीच थक्क करते. या कालव्यावरच्या घरांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी शतकानुशतकं जपल्या गेल्या आहेत. पीट आइखहोल्ट्स या अर्थशास्त्रज्ञानं त्यांतून १६२८ ते १९७३ अशा ३४५ वर्षांचा भावांचा निर्देशांक तयार केला. महागाई वजा केल्यावर इतक्या काळात घरांचे भाव किती वाढले? जेमतेम दुप्पट. म्हणजे वर्षाला सुमारे ०.२ टक्के. तेही सरळ रेषेत नाही. फ्रेंच अमलाच्या काळात व्यापार बसला, माणसं शहर सोडून गेली आणि भाव कोसळले. जागेचा भाव कधी खाली येत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या आपल्याकडच्या काका-मामांना हा आलेख एकदा दाखवायला हवा. १९७३ नंतरची चढण वेगळी आहे, हेही खरं. पण ती चढण पाहून संपूर्ण डोंगराचा अंदाज बांधू नये.

त्यामुळे जाणता गिऱ्हाईक छताकडे नंतर बघतो. आधी तो विटांमधल्या चुन्याच्या आडव्या रेषा बघतो. त्या बांधताना समतल होत्या. आज त्या जिथे वाकल्या आहेत तिथे घर खचलं आहे, आणि किती ते मोजता येतं. मग तळघराची फरशी उखडून खड्डा घेतात, खांबाचं डोकं उघडं करतात, वरचं लाकूड किती मऊ पडलंय ते सुई ठोकून तपासतात आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. निकाल वाईट आला तर पाया नव्यानं घालावा लागतो आणि तिथे एक अडचण असते. शेजारच्या दोन घरांची भिंत बऱ्याचदा सामाईक असते, म्हणजे तिच्याखालचे खांबही सामाईक. पैसे तयार असले तरी शेजारी ‘हो’ म्हणेपर्यंत थांबावं लागतं.