ट्रॅक्टरचा कट-ऑफ स्विच किती अँपिअरचा घ्यावा?



पेरण्या आटोपल्या की ट्रॅक्टर गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीला लागून उभा राहतो. चावी काढली म्हणजे वीज बंद झाली, असे आपण धरून चालतो. तसे नाही. बॅटरीपासून सेल्फला गेलेली जाड केबल चावी काढल्यावरही जिवंत असते, आणि बहुतेक ट्रॅक्टरांत तिच्यावर फ्यूज नसतो. उंदराने ती कुरतडली आणि तांबे लोखंडाला टेकले, की पुढे काय होते ते सांगायला नको. म्हणून बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच बसवा. पण कोणता?

मागे एका बंधूने मला आपला वितळलेला स्विच आणून दाखवला. "साहेब, बॅटरी ८० ची, स्विच १०० चा. मग जळाला कसा?" गल्लत इथेच आहे. बॅटरीवरचा ८० हा आकडा अँपिअर-तासांचा, म्हणजे साठ्याचा. विहिरीत पाणी किती ते तो सांगतो. पंप एका वेळी किती उपसतो ते नव्हे.

आता उपसा पाहा. ५५ वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर जेमतेम ९ अँपिअर घेतात. सेल्फचे तसे नाही. २ किलोवॅटच्या सेल्फचा साधा भागाकार केला तर १६७ अँपिअर येतात. पण २ किलोवॅट हे सेल्फने दिलेले काम. त्यात काही वीज उष्णतेत जाते आणि जोर पडला की बॅटरीचे व्होल्टही उतरतात. प्रत्यक्षात ३०० च्या आसपास धरा, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त.

चांगल्या स्विचवर म्हणूनच एकापेक्षा जास्त आकडे असतात. 'कंटिन्युअस' म्हणजे सतत सोसेल तो. दुसरा मोठा आकडा काही सेकंदांचा असतो, सेल्फ मारण्यापुरता. अँपिअरपुढे वेळ लिहिलेली नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका. त्या बंधूच्या स्विचवर नुसते १०० होते. त्यातच डिझेल संपून एअर धरली आणि गडी अर्धा-अर्धा मिनिट सेल्फ मारत बसला. पाच सेकंदांचे बळ असलेल्या वस्तूकडून तीस सेकंद काम घेतले, तर ती तापणारच.

३५ ते ५० अश्वशक्तीच्या, १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरला मी तरी सतत २०० आणि काही सेकंदांसाठी ५०० च्या वरचा स्विच सांगतो. सेल्फचा आकडा पुस्तिकेत असेल तर तोच प्रमाण माना. घरातला ३२ अँपिअरचा मेन स्विच इथे लावू नका. तो वेगळ्या विजेसाठी आहे, आणि सेल्फपुढे टिकत नाही.

स्विच निगेटिव्ह टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये बसवा. बोल्ट ढिला राहिला तर महागाचा स्विचही जळतो. गाडी न्यूट्रल करा, स्टॉप ओढून धरा, आणि दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगून स्विचच्या दोन्ही बोल्टांमध्ये मीटर लावा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दाखवला, तर ३०० अँपिअरला १५० वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत निघते आहे. थिंबल काढून घासा, पुन्हा आवळा.

इंजिन चालू असताना मात्र हा स्विच कधीही बंद करू नका. अल्टरनेटरचे डायोड उडतात. आधी इंजिन, मग चावी, मग स्विच.