सुभानपुऱ्याहून तांगलांग ला खिंडीकडे

बडोद्यातल्या सायकलस्वाराने लडाखच्या खिंडींचे नाव काढले की एक आक्षेप ठरलेला असतो: इथे चढच नाहीत, सराव कशावर करणार? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. सुभानपुऱ्यातून निघून कोणत्याही दिशेला गेले तरी रस्ता सपाटच. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंच. जवळचा खरा डोंगर म्हणजे पन्नासेक किलोमीटरवरचा पावागड, आणि चांपानेरहून माचीला चढणारा त्याचा घाटही काही किलोमीटरांत संपतो. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला मात्र 5,328 मीटरवर आहे. तरीही माझे म्हणणे असे, की चढाचा सराव ही यातली दुय्यम गोष्ट आहे. खिंडीचा दिवस बिघडतो तो मांड्यांच्या अशक्तपणापेक्षा आदल्या रात्रीच्या मुक्कामामुळे.

आधी मांड्यांचा हिशेब पाहू. स्वार, सायकल आणि सामान मिळून 100 किलो वजन धरले, पुढची चकती 22 दात्यांची आणि मागची 34 दात्यांची घेतली, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 1.35 मीटर पुढे सरकते. मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग ताशी पाच किलोमीटरच्या आतबाहेर. सहा टक्के चढावर याच गतीने तासाभरात जवळजवळ 300 मीटर उंची गाठता येते, आणि टायरचे घर्षण धरूनही पायांना शंभर वॅटच्या आतच ताकद लावावी लागते. तेवढेच ओझे घेऊन हालोल रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरने जायला याहून जास्त ताकद लागते, कारण तिथे वारा कापावा लागतो. म्हणजे जो सपाटीवर सकाळचे चार तास न थकता सायकल चालवतो, त्याच्याकडे चढाला लागणारी ताकद आहेच. त्याला हवा फक्त पुरेसा हलका गिअर आणि हळू जाण्याची तयारी. मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची 21 वळणे ताशी पाचच्या वेगाने चढण्यात कमीपणा काहीच नाही.

हवेचे गणित मात्र इतके सोपे नाही. ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे 21 टक्केच असते, पण पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि खाली सहज पेलणारे शंभर वॅट तिथे जड होतात. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. म्हणून वैद्यकशास्त्राचा साधा दंडक असा: तीन हजार मीटरच्या वर आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून अधिक उंचीवर झोपू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. दिवसा खिंड कितीही उंच असो, महत्त्व झोपण्याच्या जागेला. या कसोटीवर मनालीची बाजू अवघड ठरते. जिस्पा 3,200 मीटरवर, तर बारालाचा ला खिंडीपलीकडचे सरचू 4,290 वर. धडधाकट स्वार हे अंतर एका दिवसात कापू शकतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. श्रीनगरकडून निघाले तर झोजी ला 3,528 मीटरची, पुढे कारगिल चक्क 2,676 वर, आणि फोतू ला 4,108 मीटरवर ओलांडली तरी मुक्काम लामायुरूला, साधारण 3,500 वर. पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच वाट धरावी, असे माझे ठाम मत आहे.

यावर कोणी म्हणेल, गाडीने लोक दोन दिवसांत लेहला जातात, त्यांना काय होते? काहींना काहीच होत नाही, काहींना रात्रभर डोकेदुखी आणि उलट्या होतात. कोणाला त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. उत्तम तब्येत यापासून वाचवत नाही, उलट तिच्या भरवशावर माणूस घाई करतो. शिवाय सायकलवाल्याचे श्रम वेगळे. दुसरी अडचण रजेची, आणि ती खरी आहे. पण दिवस कमी असतील तर किलोमीटर कमी करावेत, विश्रांतीचा दिवस नव्हे. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचा विचार डॉक्टरांना विचारूनच करावा, आणि त्या घेतल्या म्हणून उंची झपाट्याने वाढवू नये.

खिंडीच्या दिवशी निघायचे उजाडताच. बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणारे नाले दुपारी फुगतात, वाराही तेव्हाच सुटतो. माथ्यावर घामाने ओला शर्ट अंगात असतानाच जाकीट आणि जाड हातमोजे चढवावेत, कारण उतारावर बोटे इतकी बधिर होतात की ब्रेकचा दांडा नीट आवळता येत नाही. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते; तो दाबत-सोडत उतरावे. सकाळी डोके ठणकत असेल तर त्या दिवशी वर जायचे नाही. चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर सायकल ढाब्यावर सोडून, रात्र असली तरी मिळेल त्या वाहनाने खाली उतरायचे.