मोटारीचे ॲव्हरेज

पुण्यातील वेताळ टेकडीवर ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था आहे. तिची स्थापना १९६६ साली झाली. नव्या मोटारींची परीक्षा ज्या संस्थांत होते, त्यांपैकी ही एक होय. या परीक्षेत मोटार ताशी ९० किलोमीटरपर्यंत वेग घेते; पण जागची तसूभरही हलत नाही! तिची चाके जमिनीत बसविलेल्या रोलरांवर फिरत असतात आणि समोरून एक मोठा पंखा तिला वारा घालीत असतो. चालकापुढे रस्ता नसतो, पडदा असतो. त्यावरील रेषेबरहुकूम त्याने वेग वाढवावयाचा, कमी करावयाचा आणि ठरल्या क्षणी थांबावयाचे. इकडे गाडीच्या धुराचा नमुना पिशव्यांत भरून घेतात. धुरातील कार्बन कोणत्याही रूपात बाहेर पडला, तरी तो मूळचा इंधनातलाच. तेव्हा तो मोजला की किती इंधन जळले याचा हिशेब लागतो. गाडीच्या जाहिरातीत ‘एका लिटरला इतके किलोमीटर’ असा जो आकडा छापलेला असतो, तो असा जन्मास येतो.

ही परीक्षा १,१८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी वेळाची असते. तेवढ्यात गाडी साडेदहा किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर ‘कापते’. पहिल्या भागात शहरातल्यासारखे निघणे-थांबणे असून वेग ताशी ५० च्या पुढे जात नाही. दुसऱ्या भागात तो वाढत जाऊन अखेरीस ९० होतो. कोणतीही गाडी असो, तिला हीच कसोटी.

मग तीच गाडी विकत घेणाऱ्या गृहस्थाला हा आकडा का गाठता येत नाही? समजा, छापील आकडा २० आहे आणि प्रत्यक्षात गाडी १५ देते. महिन्याला १,००० किलोमीटर प्रवास धरला, तर ५० लिटरांच्या जागी सुमारे ६७ लिटर पेट्रोल लागते. त्या १७ लिटरांनी घरखर्चाचा मेळ बिघडतो आणि आपण फसविले गेलो, असे त्यास वाटू लागते.

परंतु कारणे शोधावयाची तर ती रस्त्यावरच सापडतात. परीक्षेत शून्यावरून ५० चा वेग गाठण्यास २६ सेकंद दिलेले असतात. भर चौकात हिरवा दिवा लागल्यावर एखादा चालक इतक्या संथपणे निघाला, तर मागच्या हॉर्नांचा कलकलाट त्यास सोसावयाचा नाही! या आकड्यासाठी चाचणी घेताना एसी बंद असतो. उन्हाळ्यात नागपूरला एसी बंद ठेवून कोण गाडी चालवील? त्यातून हवा हा मोठा अडथळा आहे. वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो. म्हणून द्रुतगती मार्गावर ८० ऐवजी १०० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला हवा सुमारे दीडपट जोराने अडविते. खंबाटकीसारखा घाट चढताना जादा पेट्रोल जळते. उतरताना ते सगळे परत मिळत नाही, कारण ब्रेक लावला की गतीची उष्णता होऊन ती वाया जाते. टायरांत हवा कमी असणे, इंजिन तापण्यापूर्वीच संपणारी दोन किलोमीटरांची फेरी, हीही कारणे आहेतच.

हा प्रश्न आपल्याच देशापुरता नाही. अमेरिकेत १९८५ च्या मॉडेलांपासून प्रयोगशाळेतील आकडा शहरासाठी १० टक्क्यांनी व महामार्गासाठी २२ टक्क्यांनी उतरवून छापू लागले. २००८ च्या मॉडेलांपासून एसी, थंडी आणि अधिक वेग यांचाही विचार होऊ लागला. युरोपात परीक्षा जुनी होत गेली, तसतशा गाड्या तिच्यात तरबेज झाल्या. ठरलेल्या प्रश्नांचीच उत्तरे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यासारखी त्यांची गत झाली. कागदावरील खप आणि रस्त्यावरील खप यांतील तफावत २०१५ च्या सुमारास ४० टक्क्यांच्या घरात गेली. अखेर २०१७ साली तेथे नवी, अर्ध्या तासाची व ताशी १३० किलोमीटरांहून अधिक वेगापर्यंत नेणारी परीक्षा आली.

तथापि छापील आकडा निरुपयोगी नव्हे. दोन गाड्या एकाच तराजूत तोलावयास तो उपयोगी पडतो. चाचणीत २४ देणारी गाडी रस्त्यावर २४ देणार नाही. पण २० वालीपेक्षा ती बहुधा सरस ठरेल. बहुधा एवढ्याचसाठी की, लहान इंजिनाच्या गाडीत पाच माणसे व सामान भरून घाट चढू लागले, की तिचे ॲव्हरेज अधिक घसरते.

आपल्या गाडीचे खरे ॲव्हरेज काढण्याची रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी व मीटरवरील किलोमीटर वहीत टिपून ठेवावे. काही दिवस गाडी चालवून, शक्यतो त्याच पंपावर, टाकी पुन्हा पूर्ण भरावी. मधल्या काळात ४२० किलोमीटर झाले असतील आणि टाकीत २८ लिटर मावले असतील, तर ॲव्हरेज १५. एकाच वेळच्या मोजणीत चूक राहू शकते, कारण टाकी दर वेळी नेमकी तितकीच भरत नाही. चार-पाच वेळा मोजून सर्व किलोमीटरांना सर्व लिटरांनी भागले, म्हणजे ती चूक पुष्कळशी निघून जाते. अशी वही वर्षभर ठेवली, तर मे महिन्यातील आकडा आणि थंडीतील आकडा एक नाही, हेही तिच्यात दिसून येते.