मूळ रूप जपून रस्त्यावर! पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांच्या नोंदणीचा गुंता

दादर-गिरगावातील जुन्या इमारतींच्या आवारात किंवा पुण्यातील पेठांच्या बोळांत ताडपत्रीखाली झाकलेली एखादी 'डुक्कर फियाट', लँब्रेटा किंवा अँबेसेडर अजूनही दिसते. घरातील कर्ता माणूस गेला, गाडी उभी राहिली, कागदपत्रे कपाटात पडून राहिली आणि नोंदणीची मुदत केव्हा संपली हे कुणाच्या लक्षातही राहिले नाही, अशी या गाड्यांची साधारण कथा असते. पुढे नातवाला ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस येते आणि तेथूनच खरी परीक्षा सुरू होते. गाडी चालती करणारा मिस्त्री एकवेळ सापडतो, परंतु ती कायदेशीर करताना तिचे मूळ रूप टिकविणे हे अधिक कठीण काम ठरते.

या प्रश्नाची कायदेशीर चौकट जुलै २०२१ मध्ये बदलली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्ती करून 'व्हिंटेज मोटार वाहन' हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. तोपर्यंत १९३८ ची एखादी राजेशाही मोटार आणि १९९८ ची साधी कार यांना नोंदणीच्या दृष्टीने एकच माप लावले जात असे. प्रत्येक राज्याची पद्धतही वेगवेगळी होती.

व्हिंटेज कोणाला म्हणायचे?

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये 'व्हिंटेज' हा शब्द ढोबळमानाने पहिल्या महायुद्धानंतरच्या, १९३० पर्यंतच्या गाड्यांसाठी वापरला जातो. त्यानंतरच्या गाड्यांना ते 'क्लासिक' म्हणतात. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' ३० वर्षांची मर्यादा मानते. आपल्याकडच्या जुन्या मोटार विमा दरपत्रकात १९४० ही सीमारेषा होती. सरकारी नियमाने या सर्व व्याख्या बाजूला ठेवल्या आहेत. पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षे पूर्ण झालेले, खासगी वापराचे दुचाकी किंवा चारचाकी वाहन हे व्हिंटेज होय. आयात केलेली वाहनेही त्यात येतात.

ही मर्यादा सरकती आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. १९७० मध्ये नोंदलेली फियाट आज या वर्गात बसते. १९८० ची प्रीमियर पद्मिनी मात्र २०३० उजाडेपर्यंत बसणार नाही. तोपर्यंत तिला सामान्य नूतनीकरणाचाच मार्ग आहे. शिवाय मोजणी होते ती नोंदणीच्या तारखेपासून, उत्पादनाच्या वर्षापासून नव्हे.

मात्र केवळ वय पुरेसे नाही. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि त्याच्या चेसिसमध्ये, बॉडीच्या मूळ सांगाड्यात किंवा इंजिनामध्ये फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी, अशी नियमाची अट आहे. अनेक अर्जदारांची गाडी अडते ती याच वाक्यापाशी.

डिझेलचे जुने दुखणे

त्याचे कारण आपल्याकडच्या मोटारींच्या इतिहासात आहे. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, अशा काळात असंख्य जीप आणि अँबेसेडर गाड्यांची पेट्रोल इंजिने उतरवून तेथे डिझेल इंजिने बसविली गेली. त्या वेळी ते शहाणपणाचे होते. कित्येकांनी रीतसर परवानगी घेऊन नोंदणी पुस्तकात नव्या इंजिनाची नोंदही करून घेतली. अशी गाडी कागदोपत्री चोख असते, पण मूळ स्वरूपातील नसते. म्हणजे ती सामान्य वाहन म्हणून नूतनीकरणास पात्र ठरू शकते, व्हिंटेज म्हणून मात्र नाही.

याउलट प्रकारही आढळतो. बॉडी, चेसिस, इंजिन सर्व मूळ असते, पण कागदोपत्री घोळ असतो. इंजिन क्रमांकातील एक अंक चुकीचा लिहिलेला असतो किंवा पुस्तकात रंग 'काळा' असतो आणि गाडी तीस वर्षे पांढरी असते. या चुका दुरुस्त होऊ शकतात. अर्जाआधी चेसिस आणि इंजिन क्रमांकांचे पेन्सिल प्रिंट काढून ते पुस्तकातील नोंदींशी अक्षरशः पडताळून पाहणे, हे पहिले काम होय. मुंबईच्या खाऱ्या हवेत चेसिसवरील क्रमांक गंजून पुसट झालेला असेल, तर तो गॅरेजमध्ये परस्पर पुन्हा ठोकून घेण्याचा मोह टाळावा. निरीक्षकाच्या दृष्टीने तशी खूण म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. त्यापेक्षा आहे त्या स्थितीत छायाचित्र काढून परिवहन कार्यालयाच्या निदर्शनास आणणे श्रेयस्कर.

गाडी आजोबांच्याच नावावर असेल, तर त्याआधी आणखी एक पायरी आहे. नोंदणीधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा, असा नियम आहे. प्रत्यक्षात वीस-वीस वर्षे हे होत नाही. विलंबाचा भुर्दंड आणि इतर वारसांची संमतिपत्रे यांची तयारी ठेवूनच पुढे जावे लागते. भावंडांमध्ये वाटणीचा वाद असेल, तर गाडीचा प्रश्न आधी घरातच सोडवावा लागतो.

नोंदणी पुस्तक हरवले असेल, तर पोलिसांत तक्रार नोंदवून दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ भरावा लागतो. जुन्या नोंदी हस्तलिखित रजिस्टरांत आहेत. त्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढलेल्या नसतील, तर 'बॅकलॉग' नोंद करून घेतल्याखेरीज कोणताही ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. हे काम किचकट आहे; पण ते टाळून पुढची पायरी चढता येत नाही.

दोन मार्ग, दोन हिशेब

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. केवळ वय झाले म्हणून खासगी गाडी भंगारात काढण्याची सक्ती महाराष्ट्रात नाही. दिल्ली परिसरात न्यायालयीन आदेशांमुळे उद्भवलेल्या परिस्थितीच्या बातम्या वाचून येथील अनेक मालक विनाकारण धास्तावतात. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील ज्या गाड्यांची नोंदणी संपुष्टात आली, त्या सरकारी मालकीच्या होत्या.

तेव्हा पन्नाशी उलटलेल्या गाडीच्या मालकापुढे दोन मार्ग असतात. पहिला, सामान्य नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरील वाहनांच्या नूतनीकरणाचे शुल्क दुप्पट केले. हलक्या मोटारीसाठी ते १० हजार रुपये, मोटारसायकलसाठी दोन हजार आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी तब्बल ८० हजार रुपये झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दुसरा मार्ग व्हिंटेज नोंदणीचा. तिचे पहिले शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि त्यानंतरच्या फेरनोंदणीस पाच हजार रुपये.

कर आणि इतर आकार बाजूला ठेवून हिशेब मांडला, तर देशी मोटारीसाठी पहिल्या दहा वर्षांचा खर्च दोन्हीकडे सारखाच, २० हजार रुपये येतो. आयात केलेल्या मोटारीबाबत तर तुलनाच उरत नाही. दुचाकीचे गणित मात्र उलटे आहे. दहा वर्षांत चार हजार रुपयांत भागणाऱ्या लँब्रेटासाठी २० हजार मोजणे हे हौसेखेरीज दुसऱ्या कशाने समर्थनीय ठरत नाही.

खरी किंमत पैशांत नाही, वापराच्या बंधनांत आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेले वाहन रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल-दुरुस्ती आणि अशा कार्यक्रमांना जाणे-येणे एवढ्यापुरतीच मुभा आहे. वरातीसाठी किंवा चित्रीकरणासाठी गाडी भाड्याने देणे हा उघडउघड व्यावसायिक वापर झाला. या मर्यादेची पुरेशी कल्पना न घेताच अनेकजण केवळ 'व्हीए' पाटीच्या आकर्षणाने अर्ज करतात, असे दिसते. रविवारी सकाळी कुटुंबासह लोणावळ्यापर्यंत फेरफटका मारण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी सामान्य नूतनीकरणाचाच विचार करावा.

नव्या व्हिंटेज नोंदणीत राज्याची दोन अक्षरे, मग 'व्हीए', त्यानंतर दोन अक्षरांची मालिका आणि चार अंक अशी रचना असते. मात्र आधीपासून नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो, ही तरतूद मोलाची आहे. १९८९ मध्ये 'एमएच' मालिका सुरू होण्यापूर्वीचा, 'बी' किंवा 'एम' अक्षराने आरंभ होणारा तीन अक्षरी क्रमांक हा त्या गाडीच्या जन्माचा दाखलाच असतो. तो गमावून नवी पाटी घेण्यात काय हशील?

अर्ज 'परिवहन' पोर्टलवर नमुना २० मध्ये करावयाचा असतो. सोबत विमा, शुल्क, जुने नोंदणी प्रमाणपत्र आणि आयात वाहन असल्यास सीमाशुल्क विभागाचे बिल ऑफ एंट्री जोडावे लागते. ६० दिवसांत नमुना २३-ए मध्ये प्रमाणपत्र मिळावे, असे नियम सांगतो. जीपला जोडलेला जुना ट्रेलर असेल, तर त्याची नोंदणी स्वतंत्र. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ नुसार ट्रेलर हे नोंदणीसाठी वेगळेच वाहन मानले जाते.

दुरुस्ती कोठे थांबते, बदल कोठे सुरू होतो?

गाडी मूळ ठेवायची आणि ती चालतीही ठेवायची, या दोन इच्छांमध्ये सतत ओढाताण असते. मुंबईतील पन्नास पावसाळे काढलेल्या गाडीच्या तळाचा पत्रा शाबूत असणे जवळपास अशक्य. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा, त्याच आकाराचा पत्रा जोडणे ही दुरुस्ती झाली. चेसिस लांबविणे, छप्पर कापून गाडी उघडी करणे हा बदल झाला. यांतील फरक डोळ्यांना दिसतो. परंतु तो तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवून देण्याची तयारी मालकाकडे हवी. कामाआधीची, काम सुरू असतानाची आणि नंतरची छायाचित्रे, गॅरेजची बिले, काढलेले जुने भाग हे सर्व जपून ठेवावे. 'फिवा'ने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेचा गाभाही हाच आहे. जपणूक आधी, पुनर्निर्मिती नंतर आणि जे काही केले त्याची नोंद.

आपल्याकडे नेमके उलट घडते. चालत्या इंजिनाची गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाते आणि आरशासारख्या चकचकीत रंगात, भरपूर क्रोम चढवून परत येते. मूळ सीटकव्हर, मूळ चाकटोप्या, डायलवरची झिजलेली अक्षरे भंगारात जातात. नंतर तेच भाग चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात दामदुप्पट मोजून शोधावे लागतात. जो रंग पन्नास वर्षे टिकला, तो थोडा उडालेला असला तरी खरा आहे, हे पटायला वेळ लागतो.

काही बदल मात्र अपरिहार्य आहेत. देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना त्या शिशाचे संरक्षण मिळत असे. त्यामुळे इंजिन उघडण्याची वेळ आली, की कठीण धातूच्या सीट बसवून घेणे इष्ट ठरते. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले आहे. जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि कार्ब्युरेटरमधील वॉशर त्याने फुगतात किंवा ठिसूळ होतात. गळक्या इंधननळीपासून आग लागण्याचा धोका खरा आहे. येथे मूळपणाचा आग्रह धरू नये. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालाव्यात. त्या कधीही उलट बदलता येतात आणि इंजिनाच्या रचनेला हात लागत नाही.

सीटबेल्टचा प्रश्नही वारंवार विचारला जातो. साठच्या दशकातील मोटारींत ते नव्हतेच. केंद्रीय नियम १३८ मधील सक्ती ही, ज्या वाहनांत नियमानुसार बेल्ट पुरविले आहेत त्यांच्यापुरती आहे. कायद्यासाठी म्हणून मूळ खांबाला भोके पाडण्याची गरज नाही. सुरक्षिततेसाठी कुणाला बेल्ट हवाच असेल, तर तो निर्णय समजण्यासारखा आहे. पातळ पत्र्यात कसाबसा अडकविलेला बेल्ट मात्र अपघातात पत्र्यासकट निघून येईल.

धूर तपासणीची भीती बहुतांशी अनाठायी आहे. जुन्या वाहनांना आजचे मापदंड लावले जात नाहीत. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के, तर मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीसाठी साडेचार टक्के आहे. कार्ब्युरेटर नीट लावलेला, प्लग स्वच्छ आणि एअर फिल्टर मोकळा असेल, तर चांगल्या स्थितीतील जुनी फियाट या मर्यादेत येऊ शकते. मिस्त्रीने 'उचल' चांगली मिळावी म्हणून मिश्रण गाढ ठेवले असेल, तर मात्र ती नापास होते.

व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी विकता येते. अशा व्यवहारात खरेदीदार आणि विक्रेता या दोघांनीही आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणास ९० दिवसांत कळविणे आवश्यक आहे. व्यवहार ठरविताना खरेदीदाराने नोंदणी प्रमाणपत्राबरोबर दुरुस्तीची छायाचित्रे, बिले आणि सुटे करून ठेवलेले मूळ भागही मागून घ्यावेत. एकदा विक्रेत्याच्या माळ्यावर राहिलेली जुनी डायनॅमो आणि चाकटोप्यांची गोणी पुढे हाती लागत नाही.