संभाजीनगरची सहल करा, पण पाणी बघत करा!

गळीत हंगाम संपतो, पट्टा पडतो, कारखान्याचे धुराडे थंडावते आणि मग घराघरांतून एकच विषय निघतो, "औंदा कुठं जायचं?" पोरांना अजिंठा-वेरूळ पाहायचे असते, म्हातारीला घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे असते आणि कारभारणीला पैठणी. या तिन्ही गोष्टी एका फेरीत साधणारे ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. आपल्या नगरकडून एस.टी.ने सकाळी निघाले तर दुपारच्या आत पोचता येते.

सभासद बंधू-भगिनींनो, लेणी आणि मकबरा सगळेच पाहतात. पण आपण ऊस पिकवणारी माणसे. आपले सारे जगणे पाटाच्या पाळीवर. म्हणून आपण हे शहर जरा वेगळ्या नजरेने, म्हणजे पाण्याच्या वाटेने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

हे शहर वसवले मलिक अंबरने, १६१० साली, खडकी या गावाच्या जागी. मूळचा हा हबशी गुलाम. कर्तबगारीने निजामशाहीचा कारभारी झाला. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत जुन्या शेतकऱ्यांच्या ऐकण्यात असेलच. १६२४ साली आपल्या नगरजवळच्या भातवडीला त्याने तळ्याचा बांध फोडून मोगली फौजेला चिखलात अडवले, त्या लढाईत शहाजीराजेही होते. पाण्याची ताकद ओळखणारा असा हा माणूस. १६१२ साली त्याने बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. पण त्याचे खरे काम जमिनीखाली आहे. डोंगराच्या पोटातले झिरपते पाणी गोळा करून, भुयारी नहरीतून आणि नळांतून त्याने ते शहरात खेळवले. ना मोटर, ना वीज. सगळे काम उताराचे. नळात कोंडलेली हवा सुटावी म्हणून वाटेत जागोजाग मनोरे उभारले. आपण दंड काढताना उतार चुकला तर पाणी मागे फिरते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच या कामाचे मोल कळेल.

त्याच विद्येचा पुढचा नमुना म्हणजे पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ती उभी राहिली. काही कोसांवरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांनी आणून, भिंतीवर चढवून, वरून हौदात पाडले. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकीर-यात्रेकरूंसाठी दळण निघे. दळून झाले तरी पाणी वाया गेले नाही, ते हौदात साठले. शेजारचे भले मोठे वडाचे झाडही पाहण्यासारखे आहे.

बीबी का मकबरा तेथून जवळच. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. ती १६५७ साली वारली. अता उल्ला आणि हंसपत राय या दोघांनी हे काम उभे केले. ताजमहालाशी तुलना करत बसू नका, बाग आणि कारंजी निवांत पाहा.

दुसऱ्या दिवशी देवगिरी. यादवांची ही राजधानी. पुढे १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची गादी इथे आणली. अंधारी, खंदक, चांदमिनार हे सगळे दाखवायला वाटाडे आहेत. पण हत्ती हौदापाशी पाच मिनिटे थांबा. किल्ला नुसत्या तोफांवर लढत नाही, हौदातल्या पाण्यावर लढतो, हे तिथे पटते. पुढे खुलताबादला भद्रा मारुतीचे दर्शन घ्या. मलिक अंबरची कबरही याच गावात आहे.

वेरूळला एकंदर चौतीस लेणी. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळचे, आठव्या शतकातले. कळसापासून सुरुवात करून पायाकडे खोदत आणले. एक घाव चुकला तर दगड परत जोडता येत नाही! जवळच घृष्णेश्वर, त्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्यादेवींनी केला. गावात मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. अजिंठा मात्र शंभर किलोमीटरवर. त्याला वेगळा दिवस ठेवा. ध्यानात असू द्या, वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.

परतताना पैठणवरून या. नाथांच्या समाधीचे दर्शन घ्या, पैठणी विणणारे माग पाहा आणि मग जायकवाडीच्या धरणावर जा. १९७६ साली पुरे झालेले हे धरण सुमारे दहा किलोमीटर लांब आहे, दरवाजे सत्तावीस आणि साठा शंभर टी.एम.सी.च्या वर. संभाजीनगरला पिण्याचे पाणी इथूनच जाते.

इथे मात्र थोडे मनातले बोलतो. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आले. टंचाईच्या साली आपल्या वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे निघाले, की आपण मोर्चे काढतो, कोर्टात जातो. आपली बाजू खोटी नाही. उभा ऊस जळताना कोणाला बघवेल? पण मी या शहरात मुक्कामाला होतो, तेव्हा ज्यांच्या घरी उतरलो त्या घरात पिंपे, बादल्या, पातेली, सगळे भरून ठेवलेले. नळाला पाणी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. वर्षानुवर्षे कित्येक वस्त्यांत कैक दिवसांच्या अंतराने पाणी येत आले आहे. घरची बाई म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं उसाला पाणी पाटानं सोडतात ना?" मला उत्तर सुचले नाही.

चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने थेंब थेंब गोळा करून शहर वसवले. आपण मात्र रात्रीची पाळी आली की बारे फोडून झोपी जातो. ठिबकाखाली ऊस येतो, पाणी वाचते, हे आता आपल्याच बांधावर दिसू लागले आहे. धरणाच्या वरचे आणि खालचे हा वाद कोर्टात चालायचा तो चालेल. आपल्या सरीतला वाद आपल्याच हातात आहे.

तेव्हा पोराबाळांना घेऊन जरूर जा. वेरूळचा कैलास दाखवाच, पण पाणचक्कीच्या हौदाकाठीही त्यांना थोडा वेळ बसवा. पुढची शेती त्यांना करायची आहे.