औषधांचे आपसांतले वैर

मी कलाशाखेचा विद्यार्थी. औषधांवर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरातल्या व शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचायला माझ्याकडेच येतात. त्यांतूनच हा विषय सुचला.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिचा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर पोसतो. हे संप्रेरक तोडले की रोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परळचे टाटा रुग्णालयही १९४१ सालचेच. कर्जत-खोपोलीकडचे रोगी लोकलने तिकडे जातात.

अ‍ॅबिराटेरॉन ही गोळी शरीरात हे संप्रेरक तयारच होऊ देत नाही. ती रिकाम्या पोटी घ्यायची असते; तेलकट जेवणाबरोबर घेतल्यास ती रक्तात कित्येक पटींनी अधिक उतरते. उलट, क्षयावरचे रिफाम्पिसिन चालू असेल तर यकृत अ‍ॅबिराटेरॉनचा फडशा भराभर पाडते आणि तिचे रक्तातील प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. म्हणजे रोगी नेमाने गोळी घेतो, पैसा ओततो, आणि गुण मात्र पुरता येत नाही. रक्तदाबावरच्या मेटोप्रोलॉलचा जोर अ‍ॅबिराटेरॉनमुळे वाढू शकतो. एन्झाल्युटामाइड ही दुसरी गोळी तर रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा जोर कमी करते.

आता आपल्याकडची स्थिती पाहा. क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून, रक्तदाबाच्या बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडून आणि कर्करोगाच्या परळहून. तीन जागी तीन चिठ्ठ्या, पण एकीची दुसरीला खबर नाही. शिवाय लघवीचे दुखणे म्हातारा माणूस लाजेपोटी घरातही बोलत नाही, आणि क्षयाचे नाव तर चारचौघांत घेतच नाही.

म्हणून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करावी, असे मात्र मुळीच नव्हे. क्षयाचे औषध मध्येच सोडणे तितकेच घातक आहे. मात्रा कमीजास्त करणे, औषध बदलणे हे डॉक्टरांचे काम. आपले काम एवढेच की, घरातली सगळी औषधे, काढे व चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून त्यांच्यासमोर ठेवायची आणि नावांची यादी स्वच्छ अक्षरात लिहून द्यायची.

ज्या घरांत वाचणारे एकच पोर आहे, त्या घरांत हे काम त्या पोराचेच आहे.