सहा दिवसांचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्याकडची म्युकरची, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराची, शुक्रवारची ओपीडी बंद झाली. 'रुग्ण येत नाहीत' असा शेरा आहे. कृत्रिम टाळूसाठी खेटे घालून थकले, म्हणून येत नाहीत. कान-नाक-घसा विभागातून मी आता निवृत्त होतेय, पण हा शेरा सोसवत नाही.

नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. वर्षाला दोन-चार रुग्ण यायचे, मधुमेह हाताबाहेर गेलेले. साधं अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध चढवलं की हुडहुडी भरायची, पोटॅशियम उतरायचं, मूत्रपिंडं बिघडायची. २००५ साली ९२९ रुग्णांचा आढावा आला: उपचाराविना ३ टक्के वाचले, औषध आणि शस्त्रक्रिया दोन्ही मिळालेले ७० टक्के. तीन वर्षांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये दिसलं, औषधाला सहा दिवस उशीर झाला तर मृत्यू जवळपास दुपटीने वाढतात.

२०११ ते २०२१ ही दहा वर्षं मी हे सहा दिवस वाचवायला भांडले. गाल बधिर झाला, वरचे दात हलू लागले, की दुर्बिणीने नाक बघा, तुकडा बुरशीच्या केओएच तपासणीला पाठवा. डॉक्टरांचं उत्तर यायचं, 'सायनस आहे, वाफ घेऊ दे.' काळा डाग दिसेपर्यंत थांबायचे. अहो, बुरशी रक्तवाहिनीत शिरून ती बंद करते, पुढचं मांस मरतं, तेव्हा तो काळा रंग येतो. तोवर ते दिवस गेलेले असतात.

मग मे २०२१. कोविडमध्ये शुगर न बघता स्टेरॉइड दिलेले रुग्ण रांगेने आले. साठ किलोच्या माणसाला लायपोसोमल अँफोच्या रोज सहा कुप्या लागतात. आम्हाला कधी दोन मिळाल्या, कधी एकही नाही. मुलं चिठ्ठी घेऊन शहरभर फिरत होती. कुणाला किती द्यायच्या हे मी ठरवलं. ते चेहरे अजून समोर येतात. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण झाले, सर्वाधिक महाराष्ट्रात.

नेत्रतज्ज्ञांनी २,८२६ रुग्णांची नोंद केली, त्यांत मृत्यू १४ टक्के. आकडा खरोखर दिलासा देणारा. उरलेल्या ८६ टक्क्यांसारखाच माझा एक रुग्ण, रिक्षाचालक. त्याचा वरचा जबडा मी काढला. चहा प्यायला की नाकातून येतो, म्हणून तो घरच्यांकडे पाठ करून जेवतो.

परवा तो आला. टाळूची पट्टी सैल झालेली. शुगर तपासली: ३१०. घरचा ग्लुकोमीटर दोन महिने बंद होता, पट्ट्यांना पैसे नव्हते.